पोट दुखतंय : कुठे, केव्हा आणि कशानंतर?

विश्रामबाग चौकातून एका बाजूला सांगली, दुसऱ्या बाजूला मिरज. पोटाची तक्रार घेऊन निघालेला माणूस मात्र यातल्या कुठल्याच बाजूला जात नाही. तो कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी थांबतो, ‘पित्ताच्या चार गोळ्या द्या’ म्हणतो आणि घरी परततो. चार दिवस बरं वाटतं. पुन्हा दुखलं की पुन्हा चार गोळ्या. असं करता करता वर्ष निघून जातं, आणि ज्या दुखण्याचं निदान पहिल्या महिन्यात सहज झालं असतं, ते वाढून बसतं.

याला दवाखान्यांची टंचाई हे कारण म्हणावं, तर आपल्या भागात तसं म्हणता येत नाही. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली रुग्णालय उभं केलं तेव्हापासून कर्नाटकातूनही रोगी तिथे येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासून आहे. पोटाचे तज्ज्ञ, सोनोग्राफी, दुर्बिणीने तपासणी, सगळं विश्रामबागेपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. अडतं ते दुसरीकडेच. आपल्याला आपलं दुखणं सांगता येत नाही. ‘डॉक्टर, पोटाचं काहीतरी होतंय’ यापुढे आपली गाडी जात नाही. समोर पंधरा माणसं ताटकळत बसलेली असताना डॉक्टर तरी किती खोदून विचारणार?

दुखतंय नेमकं कुठे, केव्हा दुखतं आणि कशानंतर दुखतं, एवढं जो नीट सांगतो त्याचं निम्मं निदान तिथेच होतं, असं माझं ठाम मत आहे. हे सांगता यायचं तर खाल्लेला घास पोटात कधी कुठे असतो, याची कल्पना हवी. ती शाळेत मिळालेली असते. फक्त परीक्षेनंतर आपण ती सोडून देतो.

नऊचं जेवण

समजा रात्री नऊला तुम्ही जेवायला बसलात. ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठचं भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि वाटीभर ताक.

पचन तोंडातच सुरू होतं. दिवसभरात एक ते दीड लिटर लाळ तयार होते आणि भाकरीतल्या पिष्टाचं विघटन तीच सुरू करते. भाकरीचा घास नीट चावला की जराशाने गोडसर लागतो, तो यामुळेच. गिळलेला घास साधारण दहा सेकंदांत अन्ननलिकेतून जठरात उतरतो. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती घासापुरती उघडते आणि मिटते. ही झडप लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

जठरातलं आम्ल फार तीव्र असतं. ते अन्नाबरोबर आलेले बरेच जंतू मारतं आणि प्रथिनं फोडणाऱ्या पाचकरसाला कामाला लावतं. जठर अन्न घुसळून पातळ करतं आणि थोडं थोडं पुढे सोडतं. साध्या जेवणाला यासाठी दोन ते चार तास लागतात. तेल आणि शेंगदाण्याचं कूट जितकं जास्त, तितकं जठर सावकाश रिकामं होतं. म्हणजे नऊचं भरलं वांगं मध्यरात्रीपर्यंत, कधी एक वाजेपर्यंत जठरात असणार. तुम्ही साडेनऊला आडवे झालात तर भरलेलं जठर, त्यातलं आम्ल आणि ती झडप एका पातळीत येतात.

जठरातून पुढे गेलेलं अन्न लहान आतड्याच्या पहिल्या, वीतभर लांबीच्या भागात येतं. तिथे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठलेलं पित्त येऊन मिळतं. ते तेला-तुपाचे बारीक कण करतं. स्वादुपिंडाचा रस आम्ल निवळवतो आणि पिष्ट, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ असं सगळं फोडतो. लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब असतं. त्याच्या आतल्या घड्या आणि केसांसारखे बारीक उंचवटे धरले तर पचनमार्गाचं आतलं क्षेत्रफळ सुमारे 30 चौरस मीटर भरतं. अंगी लागणारं जवळजवळ सगळं तिथेच रक्तात जातं. यात तीन ते पाच तास जातात.

उरलेला चोथा आणि पाणी दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात येतं. भाकरीच्या कोंड्यातला आणि कांद्यातला जो भाग आपल्याला पचत नाही, त्यावर तिथले जीवाणू जगतात. त्यातून वायू होतो. तो होणं हा रोग नव्हे. चोथा इथे एक दिवस, कधी दोन दिवस मुक्काम करतो. त्यामुळे सकाळी पोट बिघडलं की ‘कालच्या वांग्यानं केलं’ असा निकाल लगेच देऊ नका. सकाळी बाहेर पडतं ते बहुधा त्याच्या आधीचं जेवण असतं. चहा घेतल्याबरोबर जावंसं वाटतं, त्यात चहातली कॅफिन थोडा हातभार लावते. पण मुख्य कारण हे की रिकाम्या जठरात काही पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो. ही निरोगी सवय आहे, ती दाबू नये.

आणखी एक हिशेब पाहा. आपण पितो ते पाणी आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडरस असे शरीरातले सगळे पाझर मिळून दररोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात उतरतो. त्यातला शंभर-दोनशे मिलिलिटर सोडला तर बाकी सगळा आतडी परत शोषून घेतात. हे परत घेणं बिघडलं की काही तासांत माणूस कोरडा पडतो. हगवणीत जीव जातो तो यामुळे.

जळजळ

छातीच्या मध्यभागी जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर त्रास वाढणं, ही त्या झडपेची तक्रार आहे. उपायही तिच्याच हिशेबाने करायचे. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करा. दोन उशा घेऊन नुसती मान उंच केल्याने पोट दुमडतं आणि उलट त्रास होतो. डाव्या कुशीवर झोपा. पोटाचा घेर कमी करा, कारण पोटावरची चरबी जठर खालून दाबते. तंबाखू सोडा. तंबाखूने ही झडप ढिली पडते. आपल्याकडे पुष्कळ बायका सकाळ-संध्याकाळ मिसरी लावतात आणि तिला कुणी व्यसनात धरत नाही. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगालाही ती कारण होते. घरातल्या आजी-मावशीची जळजळ कुठल्याच गोळीने जात नसेल तर आधी मिसरीची डबी पाहा.

बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर ते प्रकरण वेगळं. रिकाम्या पोटी दुखतं, रात्री दोनच्या सुमाराला जाग येते, चार बिस्किटं खाल्ली की थांबतं, असं असेल तर लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण झाल्याची शंका येते. खाल्ल्यावर थोड्याच वेळात दुखत असेल तर व्रण जठरात असू शकतो. ‘टेन्शन आणि तिखट यांनीच अल्सर होतो’ हे आपण अजूनही ऐकतो. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये दाखवून दिलं की हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जीवाणू जठरात घर करतो. बहुतेक व्रणांच्या मुळाशी तोच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांचा विश्वास बसेना म्हणून 1984 मध्ये मार्शल यांनी तो जीवाणू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. वाचकांच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हा जीवाणू प्रतिजैविकांच्या ठरावीक दिवसांच्या उपचाराने जातो आणि व्रण बहुधा परत होत नाही. वर्षानुवर्षं नुसती आम्ल कमी करणारी गोळी घेणाऱ्याचा जीवाणू मात्र आत तसाच राहतो. त्याची चाचणी करायची झाली तर आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद ठेवावी लागतात, नाहीतर चाचणी खोटी ‘नाही’ म्हणते. गोळी बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच.

व्रणाचं दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. गुडघे, कंबर, मान. शेतात राबणाऱ्याला आणि कुपवाडच्या कारखान्यात आठ तास उभं राहणाऱ्याला यातलं काहीतरी दुखतंच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या जठराचं आतलं संरक्षक अस्तर पातळ करतात. सांधेदुखीवर खात्रीचं म्हणून कुणी सुटी पुडी दिली तर तीही घेऊ नका. तिच्यात काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडलेलं आहे. वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्याला डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच झाली तर तो वरून पाझरलेल्या रक्ताचा रंग आहे असं समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते. शंका असेल तर दाखवा.

आता त्या मेडिकलमधल्या गोळीबद्दल. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या गोळ्या चांगल्या आहेत. त्यांनी असंख्य माणसांची शस्त्रक्रिया टाळली आहे. पण त्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात, कारण आम्ल तयार करणाऱ्या पेशी जेवणाने कामाला लागतात आणि गोळी तेव्हा रक्तात हजर हवी. जेवण झाल्यावर, जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी अर्धीच उपयोगी पडते. बरीच वर्षं रोज घेत राहिलं तर बी-12 आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं, आतड्याचे संसर्ग वाढू शकतात. अचानक सोडली तर काही दिवस आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं, ‘गोळीशिवाय आपलं चालतच नाही.’ म्हणून ती कमी करायची तर हळूहळू करायची. कुणाला ती खरोखर दीर्घकाळ लागते, उदाहरणार्थ हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणारे ज्येष्ठ. त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नये.

जळजळीबाबत सर्वांत महत्त्वाची सूचना ही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला, मधुमेह असेल तर त्याआधीही, छातीत दाब किंवा जळजळ होऊन घाम फुटला, जबडा, पाठ किंवा हात भरून आला, जिना चढताना त्रास वाढला आणि थांबल्यावर कमी झाला, तर इनो, सोडा किंवा ओवा यांत एक मिनिटही घालवू नका. 108 ला फोन करा, ईसीजी काढा. ‘गॅस छातीत चढला’ म्हणून घरी पडून राहिलेली माणसं आपण सर्वांनी गमावली आहेत.

आणखी काही दुखणी

लग्नातलं तुपकट जेवण झालं आणि तासा-दोन तासांनी उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली, ती उजव्या खांद्याकडे गेली, तर पित्ताशयात खडे असू शकतात. सोनोग्राफीत ते सहज दिसतात. हे खडे मूत्रमार्गातल्या खड्यांसारखे पाणी पिऊन किंवा कुठला रस घेऊन पडत नाहीत. दुखत असतील तर पित्ताशय काढणं हाच उपाय, आणि ते काढल्यावर माणूस नेहमीसारखं जेवतो. यातला एखादा खडा खाली सरकून स्वादुपिंडाची वाट अडवतो तेव्हा पोटाच्या मध्यभागी भयंकर कळ येते, ती थेट पाठीत जाते, माणूस पुढे वाकून बसतो. दारूनेही हेच होतं. ही दवाखान्यात दाखल करण्याचीच वेळ.

बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजव्या ओटीपोटात एका जागी येऊन बसलं, भूक मेली, बारीक ताप आला, खोकताना कळ आली, तर अपेंडिक्सचा विचार करायचा. अशा वेळी पोट शेकू नये, जुलाबाचं औषध देऊ नये.

दूध घेतल्यावर अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगून पातळ होत असेल आणि दही-ताक चालत असेल तर दुधातली साखर पचत नाही, इतकाच त्याचा अर्थ. प्रौढांत हे अगदी सर्रास आढळतं.

आणि परीक्षेचे दिवस. वालचंद, विलिंग्डन आणि आसपासच्या क्लासेसमुळे विश्रामबागेत खोली घेऊन राहणारी मुलं-मुली पुष्कळ. सकाळी पेपरला निघण्याआधी तीनदा जावं लागतं, पोटात मुरडा येतो आणि शौचाला जाऊन आलं की थांबतो, सुटीत गावी गेलं की सगळं नीट. हा आतड्याच्या संवेदनशीलतेचा विकार आहे. तो खरा असतो, मनाचे खेळ नसतात. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. वेळेवर मेसचा डबा, झोप, चहा कमी आणि रोज चालणं यांनी बराच आटोक्यात येतो. मात्र यात वजन घटत नाही, ताप येत नाही, रक्त पडत नाही आणि शौचासाठी झोपेतून उठावं लागत नाही. यातलं काहीही होत असेल तर ते परीक्षेवर ढकलू नका.

अशा मुलांमध्ये आतड्याचा क्षय निघतो तेव्हा घरच्यांना धक्का बसतो. विश्रामबागेला लागून वानलेसवाडी आहे. तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं, त्यामुळे क्षय हा शब्द इथल्या जुन्या माणसांना नवा नाही. पण क्षय म्हणजे छातीचा, ही समजूत पक्की आहे. तो लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथेही होतो. उजव्या ओटीपोटात अधूनमधून कळ, पोट गुरगुरून फुगणं, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं ही त्याची लक्षणं. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि पूर्ण मुदत घेतली तर तो बरा होतो.

पूर ओसरल्यानंतर

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2005 चा आणि 2021 चा पूरही आपण पाहिला. पाणी उतरलं की चिखल काढणं, पंचनामे, मदत सुरू होते. पोटाचं गणित मात्र त्यानंतर सुरू होतं, आणि त्याला स्वतःचं वेळापत्रक आहे.

पटकी काही तासांपासून पाच दिवसांत दिसते. विषमज्वर साधारण एक ते तीन आठवड्यांनी. पाण्यातून येणारी कावीळ आणखी उशिरा येते. ‘अ’ प्रकारची सुमारे महिन्याने, ‘ई’ प्रकारची दोन ते दहा आठवड्यांनी. म्हणजे ऑगस्टमध्ये प्यायलेल्या पाण्याची कावीळ सप्टेंबर-ऑक्टोबरात, गणपती-दसऱ्याच्या सुमाराला डोळ्यांत उतरते. तोपर्यंत पाणी उकळणं आपण सोडून दिलेलं असतं. जलवाहिनीला गळती असेल आणि शेजारून गटार जात असेल तर पुराचीही गरज नाही. इचलकरंजीत 2012 साली काविळीची जी मोठी साथ आली, ती पिण्याच्या पाण्यातूनच आली होती. म्हणून पाणी गढूळ आलं, वास आला, किंवा गल्लीत दोघा-तिघांना जुलाब झाले की महापालिकेला कळवा आणि पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवा. ज्यांना रोज गॅस जाळणं परवडत नाही त्यांनी क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्यावं. घरचं पाणी उकळायचं आणि रसवंतीत बर्फ घातलेला उसाचा रस घ्यायचा, तर त्या उकळण्याचा उपयोग नाही.

जुलाब सुरू झाले की पहिलं औषध म्हणजे मीठ-साखरेचं पाणी. 1971 च्या युद्धकाळात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मिसळलेलं पाणी पिंपांतून पाजायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली चार टक्क्यांच्या खाली आलं. हे का जमतं? आतड्याला सूज आली तरी त्याच्या पेशींत ग्लुकोज आणि मीठ एकत्र आत घेणारी वाट चालू राहते, आणि त्यांच्यामागून पाणी आपोआप आत जातं. नुसत्या पाण्याने, नुसत्या साखरेने हे होत नाही. म्हणून प्रमाण मोडायचं नाही. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात अंदाजाने टाकायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. 24 तासांनी उरलेलं ओतून टाका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असा उल्लेख पाहूनच पाकीट घ्या.

बाळाचं अंगावरचं दूध आणि मोठ्या मुलाचं नेहमीचं खाणं बंद करू नका. पेज, वरण-भात, ताक, केळं चालतं. सहा महिन्यांपुढच्या मुलाला जस्ताची 20 मिलिग्रॅमची मात्रा रोज, 14 दिवस द्यायची असते. त्याहून लहान बाळाला निम्मी. जुलाब थांबले तरी मात्रा पुरी करायची. जुलाब एकदम ‘बांधणारी’ गोळी मुलांना देऊ नका. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, शौचातून रक्त पडलं किंवा काहीच पोटात ठरत नाही, असं झालं तर वाट पाहू नका.

काविळीबद्दल जरा स्पष्ट लिहितो. माळ घालणं, नाकात रस पिळणं, मंत्र टाकणं हे सुशिक्षित घरांतही चालतं. ‘अ’ आणि ‘ई’ कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं. पण ज्याची कावीळ पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यामुळे, ‘बी’ विषाणूमुळे किंवा गाठीमुळे आहे, त्याचे हे आठवडे वाया जातात. डोळे पिवळे दिसले की रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून कारण ठरवा. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ‘ई’ कावीळ जिवावर बेतू शकते. तिला घरी ठेवू नये. कुठल्याही रोग्याला ग्लानी आली, तो असंबद्ध बोलू लागला, रक्तस्राव होऊ लागला तर ताबडतोब मोठं रुग्णालय. आहारात उपासमार नको. दारू पूर्ण बंद, आणि डॉक्टरांना न विचारता एकही गोळी नाही.

गोळीवरून आठवलं. आपली सांगली हळदीची. तिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमटी-भाजीतली हळद, दुधातली चिमूट याने यकृताला काही होत नाही. हळदीच्या अर्काच्या, मिरीचा अर्क घातलेल्या जहाल कॅप्सूल मात्र वेगळी वस्तू आहे. त्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी अनेक देशांत झाल्या आहेत. घरचं मसाल्याचं औषध म्हणून त्या महिनोन् महिने खाऊ नयेत.

लाज वाटते ते

बद्धकोष्ठाबद्दल आपण मोकळेपणाने बोलतो, रक्ताबद्दल नाही. बायका तर वर्षानुवर्षं बोलत नाहीत. कडक शौचाबरोबर लालभडक रक्त आणि चिरल्यासारखी वेदना असेल तर ती बहुधा चीर असते. वेदना नसताना थेंब पडत असतील तर मूळव्याध. दोन्हींवर पाणी, भाकरी-पालेभाजी, भरपूर पाण्याबरोबर इसबगोल आणि कोमट पाण्यात बसणं यांनी आराम पडतो. पण मोठ्या आतड्याचा कर्करोगही रक्तानेच सुरू होऊ शकतो, आणि मूळव्याध आहे म्हणून कर्करोग नाही असं होत नाही. त्यामुळे रक्त पडलं की एकदा तरी तपासून घ्यावं. जाहिरात पाहून भोंदू ‘मूळव्याधतज्ज्ञा’कडे जाऊ नये. पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय बदलली, कधी घट्ट कधी पातळ, पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलं, तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. सोनामुखीचं चूर्ण रोज घेऊन पोट साफ ठेवण्याची सवयही चांगली नाही. शक्यतो आतड्याला स्वतःच्या वेळेने काम करू द्यावं.

गिळताना घास अडकणं, आधी भाकरी आणि मग भातही अडकणं, प्रयत्न न करता वजन घटणं, वारंवार उलट्या, रक्ताची उलटी, पोटात गाठ लागणं, पोट फुगून गॅससुद्धा न सरकणं. यांपैकी एकही असेल तर मेडिकलची पायरी ओलांडून थेट डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांकडे जाताना

आठ दिवस आधीपासून एका वहीत लिहा. किती वाजता काय खाल्लं, किती वाजता दुखलं, बोटाने दाखवता येईल अशी जागा कोणती, किती वेळ राहिलं, कशाने थांबलं, शौच कशी झाली. ‘रात्री नऊला मटण, अकराला उजव्या बरगडीखाली कळ, दोन तास, खांद्यापर्यंत’ ही एक ओळ डॉक्टरांना फार काही सांगते. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं बरोबर न्या, त्यात काढे, चूर्णं आणि वेदनाशामकंही आली. दारू आणि तंबाखूचं प्रमाण खरं सांगा. लाज वाटत असेल तर तेही कागदावर लिहून द्या.

सोनोग्राफीला आणि जठराच्या दुर्बिणीला सहा ते आठ तास उपाशी जायचं असतं. पाणी केव्हा बंद करायचं, रक्तदाबाची आणि मधुमेहाची सकाळची गोळी घ्यायची की नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी आधी बंद करायची का, हे वेळ ठरवतानाच विचारून घ्या. दुर्बिणीच्या तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात. घशात औषध फवारतात, कधी गुंगीचं इंजेक्शन देतात. मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी आदल्या दिवशी पोट पूर्ण रिकामं करणारं औषध प्यावं लागतं. ते नको वाटलं तरी पुरं प्या, कारण आतडं स्वच्छ नसेल तर तपासणी पुन्हा करावी लागते. गुंगीचं इंजेक्शन दिलं असेल तर त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नाही. त्यामुळे मिरजेला जाताना घरातल्या कुणालातरी बरोबर घ्या, आणि परत येताना दुचाकी नको, रिक्षा करा.